उस्ता हमीदाचा मव्वाल

अवातिफला ओळखत नाही असा माणूस कैरोत सापडणं कठीण, आणि तिचं नाव सांगू शकेल असा माणूस सापडणं त्याहून कठीण. भाजीवाला तिला बघून खूश होतो, टॅक्सीवाला आरशातून सारखा मागे बघत राहतो आणि उतरताना न राहवून विचारतो, "अहो, तुम्ही त्याच ना? त्या मालिकेतल्या शेजारीणबाई?" कुठल्या मालिकेतल्या, ते त्यालाही माहीत नसतं. रमजान लागला की घरोघरी रोजा सोडून माणसं टीव्हीसमोर बसतात, आणि कुठल्या तरी मालिकेत, कुठल्या तरी भागात अवातिफ दार वाजवून आत येते. झाकलेलं ताट टेबलावर ठेवते, "खालच्या मजल्यावर काय झालं ते कळलं का गं?" एवढं विचारते आणि निघून जाते. नाटकांतही तिची तीच तऱ्हा. मोलकरीण, सुईण, नवऱ्या मुलाची आत्या. उभ्यानं यायचं, हशा घ्यायचा, उभ्यानंच परत जायचं. रंगमंचावर बसायला मिळालं म्हणजे भूमिका मोठी, असा तिचा हिशेब होता, आणि बसायला तिला फारसं कधी मिळालं नाही.

खरं तर ती ऊद वाजवणारी. तिचा बाप कैरोतल्या मोहम्मद अली नावाच्या रस्त्यावरचा, वाजंत्र्यांच्या वस्तीतला वादक. लग्नाच्या वराती, साखरपुडे, सुंता, जिथे बोलावतील तिथे ऊद काखोटीला मारून जायचा. पोरगी हातभर असताना त्यानं ते गोल पोटाचं तारांचं वाद्य तिच्या मांडीवर ठेवलं. ती त्याच्या मागे मिनतवारी करायची, "अब्बा, काल वाजवलंत ते शिकवा ना." तो उखडायचा. "कालचं वाजवायचं तर घरी बस. लोक काल ऐकून गेलेत ते." ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघायचं, तो कुठे हलतोय ते हेरायचं आणि तिथेच पुन्हा घाव घालायचा, पण वेगळ्या बाजूनं. एवढी एकच विद्या त्यानं तिला दिली, आणि ती तिच्या हाडीमांसी खिळली. पुढे नाटकवाल्यांनी तिला वादकांच्या बाकावरून उचलून रंगमंचावर ढकललं, कारण एका रात्री सुईण करणारी बाई आलीच नव्हती. तेव्हापासून पोट नटीपणावर चाललं आणि ऊद घरी खुंटीला टांगला गेला. लग्नाबिग्नात, ओळखीपाळखीत तेवढा खाली उतरायचा.

आणि आता, गुडघे कुरकुरायला लागल्यावर, तिला उस्ता हमीदा मिळाली.

उस्ता म्हणजे लग्नांत गाणाऱ्या बायकांच्या ताफ्याची म्होरकी. मालिकेतली ही हमीदा तरुणपणी आपली तान्ही मुलगी एका घरंदाज कुटुंबाला देऊन टाकते. वर्षं उलटतात. एक दिवस एका लग्नाची सुपारी येते, आणि तिथे गेल्यावर तिला कळतं की नवरी आपलीच लेक आहे. लेकीला ठाऊक नाही, व्याह्यांना ठाऊक नाही. कळलं तर लग्न जागच्या जागी मोडेल. हमीदा ऊद घेऊन बसते, एक मव्वाल, म्हणजे ठेक्याशिवाय आळवायचं लोकगीत, गाते आणि निघून जाते. बस. पण त्या एका प्रसंगावर अख्ख्या मालिकेचा डोलारा होता.

अवातिफनं आयुष्यात पहिल्यांदा अट घातली. "हात माझे, गळा माझा," ती दिग्दर्शकाला म्हणाली. "आधी रेकॉर्ड केलेल्या गाण्यावर मी नुसते ओठ हलवणार नाही. ते हवं असेल तर दुसरी हमीदा शोध."

दिग्दर्शक हातिम वयानं तिच्या मुलासारखा, पण कामाला पक्का. तिची नाटकं बघतच तो लहानाचा मोठा झाला होता, आणि सेटवरच्या सगळ्यांसारखा तिला अब्ला, म्हणजे ताई, म्हणायचा. तो हसून म्हणाला, "अब्ला अवातिफ, दुसरी हमीदा मिळाली असती तर तुमच्या कटकटी कशाला ऐकल्या असत्या?"

चित्रीकरणाच्या दिवशी स्टुडिओत लग्नाचा मांडव उभारला होता. दिवे, गालिचे, सरबताचे पेले, आणि गर्दी म्हणून बसवलेली पाचपन्नास माणसं. खंजिरीवर अवातिफनं शहाताला बसवलं होतं. म्हातारा शहाता तिच्या बापाबरोबर वाजवलेला माणूस. त्याच्याशिवाय ऊदाला हात लावणार नाही, ही तिची दुसरी अट. नवरीची भूमिका करणारी जेरमीन, म्हणजे मालिकेची नायिका, त्या दिवशी नव्हती. तिचं काम दुसऱ्या दिवशी उरकायचं होतं. तिच्या जागी एक उशी ठेवून तिच्यावर जाळीचा पदर टाकला होता. गर्दीतल्या माणसांना सांगून ठेवलं होतं की गाणं संपलं की "अल्लाह! पुन्हा! पुन्हा!" असं ओरडायचं, म्हणजे लग्नघर जिवंत वाटेल.

हातिमनं इशारा केला. अवातिफनं तारा छेडल्या, जरा वेळ नुसताच ऊद बोलू दिला, मग ठेक्याला रजा देऊन मव्वाल उचलला.

"माझ्या हातचं रोप परक्या अंगणात बहरलं,
पाणी घालणाऱ्यांनो, सावली तुमचीच..."

शेवटचा सूर विरला आणि ठरल्याप्रमाणे माणसं ओरडली, "अल्लाह! पुन्हा! पुन्हा!"

आणि अवातिफनं पुन्हा दिलं!

लोकांनी वन्समोअर मागितला तर तो द्यायचा, एवढंच तिला ठाऊक. 'परक्या अंगणात' हे शब्द तिनं वरच्या सुरात नेऊन असे टांगून ठेवले की मागच्या रांगेतल्या एका बाईनं छातीवर हात ठेवला. शहाताही त्याच मातीतला, तो खंजिरी घेऊन मागोमाग निघालाच. गर्दीला पुढे काय करायचं ते सांगितलेलंच नव्हतं. ती माणसं आता मनापासून ओरडायला लागली. तिनं तिसऱ्यांदा दिलं. हातिम "कट! कट!" म्हणून घसा फोडत होता, त्याच्याकडे लक्ष द्यायला कोणाला सवड नव्हती.

"अब्ला," शेवटी तो पुढ्यात येऊन उभा राहिला, "पुन्हा म्हणायचं हे त्यांच्या कागदात लिहिलंय हो. त्यांना पुन्हा नकोय."

"मागायचं नव्हतं तर मागितलं कशाला?" अवातिफ म्हणाली, पण तिला स्वतःचंच हसू आलं. सगळा सेट हसला. इथवर ठीक होतं.

दुसऱ्या टेकला माणसांना गप्प बसवलं. तिसरा झाला, चौथा झाला. मग मिरना आली. एका टेकचं दुसऱ्या टेकशी जुळतंय की नाही, हे बघणं तिचं काम, आणि पोरगी डोळ्यांत तेल घालून ते करायची.

"अब्ला, पहिल्यांदा 'सावली तुमचीच' एकदा होतं. मग दोनदा झालं. आता तुम्ही ते अर्धंच सोडलंत. डोळे आधी उघडे होते, आता मिटले. ऊदाची मानसुद्धा आधी खाली होती."

"मग? समोरची माणसं वेगळी होती."

"माणसं तीच आहेत, अब्ला."

"कसली तीच? मघाशी भुकेली होती, आता कुशरी खाऊन आलीत. ती कोपऱ्यातली तर पेंगतेय. तिला जागं करायला नको?"

मिरनानं हातिमकडे बघितलं. हातिम अवातिफजवळ गालिच्यावर मांडी घालून बसला आणि हळू आवाजात बोलला. "अब्ला, उद्या जेरमीन येणार. ती ऐकतेय, तिचे डोळे भरतायत, हे मला जवळून घ्यायचंय. ते तुकडे तुमच्या गाण्यात मधे मधे जोडायचे. तुम्ही दर वेळी नवीन गायलात तर मी काय कशाला जोडू?"

त्याचं बोलणं खोटं नव्हतं, हेच वाईट होतं. ती म्हणाली, "आणखी एकदा घे." त्यानं घेतलं. तेही वेगळंच निघालं. आता तिच्या कपाळावर घाम आला, बोटं अडखळायला लागली, आणि ज्या दोन ओळी सकाळी नुसत्या झुळझुळत होत्या त्या तिला परीक्षेसारख्या वाटू लागल्या.

हातिमनं सगळ्यांना सुट्टी दिली आणि खालमानेनं सांगितलं, "गाणं दुसऱ्या बाईंकडून रेकॉर्ड करून ठेवलंय. तुम्ही ओठ तेवढे हलवा. हात नादिरचे घेऊ."

"कोण नादिर?"

"संगीत विद्यालयातला आहे. फार साफ वाजवतो. तुमच्याच झग्याची बाही घालू, अंगठ्या चढवू. मनगटावरचे केस... ते काढून घेऊ."

कोणी तरी मागे खिदळलं. अवातिफच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं तिनं झाकलेली ताटं वाहिली आणि कधी तक्रार केली नाही. पण आज बसायला मिळालं, मांडीवर ऊद मिळाला, तर त्यावर हात पुरुषाचे, गळा परकीचा, आणि तिचा फक्त चेहरा! तिला वाटलं, असंच उठावं आणि घरी जावं. पण ती उठली नाही. आपण गेलो की नादिर बसणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"उद्या सकाळपर्यंत थांब, उस्ताद," ती म्हणाली. हातिमला ती 'बाळा' म्हणायची. 'उस्ताद' ऐकून तो चपापला आणि हो म्हणाला.

तिथून ती शहाताबरोबर सरळ त्याच्या दुकानात गेली. मोहम्मद अली रस्त्यावर आता अर्ध्याहून जास्त दुकानं लाकडी सामानाची झाली आहेत, पण शहाता माशाचं कातडं ताणून खंजिऱ्या मढवत अजून तिथेच चिकटून आहे. त्यानं चहा मागवला. अवातिफनं ऊद काढला.

"तेच ते वाजवायचं आहे मला," ती म्हणाली. "तंतोतंत. जमेपर्यंत इथून हलणार नाही."

"तुझा बाप कबरीतून उठून येईल."

"येऊ दे. आला तर त्यालाही बसवीन तुझ्या शेजारी. तू फक्त सांग, कुठे हललं ते."

ती वाजवायची आणि शहाता मान हलवायचा. इथे थांबलीस. इथे वर गेलीस. इथे नवीनच काहीतरी काढलंस. ती चिडायची, चहाचा घोट घ्यायची आणि पहिल्यापासून सुरू करायची. बोटांची टोकं तापली. बाहेरून माणसं डोकावून जायची. शेवटी शहाता वैतागून म्हणाला, "अगं बये, तू वाजवताना माझ्या तोंडाकडे बघतेस! माझी भुवई हलली की तुझा हात हलतो. तिकडे तोंड कर."

ती भिंतीकडे तोंड करून बसली. भिंतीवर पोपडे आणि खंजिऱ्यांच्या लाकडी कड्या, दुसरं काही नाही. तिनं वाजवलं, परत वाजवलं, आणखी एकदा वाजवलं. मागून आवाज आला नाही तेव्हा तिनं वळून बघितलं.

"झालं," शहाता म्हणाला. "केसाचाही फरक नाही."

"मग तोंड का पाडून बसलायस?"

"अल्लाह म्हणावंसं वाटलं नाही गं एकदाही."

अवातिफनं ऊद पिशवीत घातला. तिला वाईट वाटायला हवं होतं, पण उलट अंगात जोर आला. "पण जमलं ना? आता मी उद्या त्याला नाही म्हणायला मोकळी. जमत नाही म्हणून नाही म्हणते, असं म्हणायची सोय राहिली नाही कोणाची."

दुसऱ्या दिवशी जेरमीन आली ती फोन कानाला लावूनच. पांढऱ्याशुभ्र झग्यात, केशभूषा करणारी मागे, कपडेवाली पुढे. बाजूला नादिर बसला होता. बिचारा सज्जन होता, बाही घालून, अंगठ्या चढवून, अवातिफशी नजरानजर होऊ नये म्हणून सारखा छताकडे बघत होता.

अवातिफ हातिमसमोर जाऊन उभी राहिली. "तिन्ही कॅमेरे एकदम लाव. एक माझ्यावर, एक पोरीवर, एक सगळ्यांवर. मी एकदाच गाते. जोडायचंच नाही, तर जुळवायचं कशाला?"

"प्रकाश बिघडेल, अब्ला. तिला आणि तुम्हाला एकदम उजळायचं म्हणजे..."

"बिघडू दे थोडा. लग्नघर आहे, दवाखाना नाही."

"आणि तुम्ही चुकलात तर?"

"तर हा बसलाय की बाही घालून. मी ओठ हलवीन. शब्द देते. हवं तर कालचं तंतोतंतही वाजवून दाखवते, शहाताला विचार. पण ते हमीदाचं नाही. ते मी टाकीन तुझ्यापुढे, आणि तूच म्हणशील, हे काय आणलंस."

कॅमेरावाला कुरकुरला. हातिम नखं खात उभा राहिला. मदत आली ती भलत्याच दिशेनं. जेरमीननं फोनवर हात ठेवून विचारलं, "म्हणजे एकदाच करायचं? मग तेच करा ना, प्लीज. दुपारी मला शांपूच्या जाहिरातीला जायचंय." अवातिफच्या कलेबद्दल तिला ना प्रेम होतं ना राग, तिला लवकर सुटायचं होतं.

"एकदाच," हातिमनं बजावलं. "आणि गर्दीतल्या लोकांनो, आज कोणी पुन्हाबिन्हा म्हणायचं नाही. तोंडातून ब्र काढायचा नाही."

अवातिफ गालिच्यावर बसली. मांडीवर ऊद. समोर नवरीच्या आसनावर आज उशी नव्हती, जेरमीन होती. सवयीप्रमाणे अवातिफची नजर लोकांच्या चेहऱ्यांवर फिरायला निघाली, आणि मधेच अडली. हमीदा अशी बघेल का? हमीदानं मान वर केली, नवरीकडे नुसतं बघितलं, तरी कोणाच्या तरी लक्षात येईल. नाक तेच, हनुवटी तीच. काल दिवसभर इथे उस्ता हमीदा नव्हतीच बसली. बसली होती मोहम्मद अली रस्त्यावरची अवातिफ, मांडव जिंकायला आलेली. हमीदाला कोणाला जिंकायचं नव्हतं. तिला पकडलं जायचं नव्हतं.

अवातिफनं नजर गालिच्यावर खिळवली. कोण पेंगतंय, कोण हलतंय, तिला काही दिसेना. आयुष्यात पहिल्यांदा ती कोणाचाही चेहरा न बघता वाजवत होती, आणि तरी समोर कोणी तरी आहे हे तिला कधी इतकं जाणवलं नव्हतं. नवरीच्या झग्याची सळसळ थांबली, ते तिनं ऐकलं. तिनं आवाज चढवला नाही. 'माझ्या हातचं रोप' हे तिनं जवळजवळ बोलल्यासारखं म्हटलं, कामाची गोष्ट सांगावी तसं. 'परक्या अंगणात' हे शब्द काल तिनं वर टांगले होते, आज खालीच ठेवले. 'सावली तुमचीच' म्हणून ती थांबली.

हातिमनं कट म्हटलं नाही. हमीदाचं उठून जाणं अजून बाकी होतं.

आणि तेवढ्यात समोरून आवाज आला, अगदी हळू. "पुन्हा..."

जेरमीन म्हणाली होती. कागदात नव्हतं ते. डोळ्यांत पाणी आणायला ठेवलेलं औषध तिच्या शेजारी तसंच बंद पडलं होतं आणि गालांवरून पाणी वाहत होतं. नंतर विचारलं तर तिलाही सांगता आलं नाही की आपण असं का म्हणालो.

अवातिफचा हात तारांवर होता. खरा वन्समोअर होता हा, कोणी शिकवून पाठवलेला नव्हे. असा वन्समोअर तिनं जन्मात कोणाला नाकारला नव्हता. मागे शहातानं खंजिरी सावरली, तो वाटच बघत होता. तिची बोटं सुराच्या जागेवर गेलीसुद्धा. तिला इतका आनंद झाला होता की रडू फुटेल असं वाटलं, आणि त्या आनंदातच तिला कळलं की हे द्यायचं नाही.

तिनं तारांवर तळवा ठेवून त्या गप्प केल्या. ऊद उचलला, गुडघ्यावर हात टेकून कष्टानं उभी राहिली. नवरीकडे न बघता, अशा ठिकाणी ताफ्याची कोणतीही म्होरकी म्हणेल तेवढंच म्हणाली, "मुबारक असो, नवरीबाई," आणि माणसांमधून वाट काढत मांडवाबाहेर गेली. मांडव संपला तिथे लाकडी फळ्या होत्या, तारांची भेंडोळी होती, मागचं दार होतं. ती थांबलीच नाही. दार उघडून उन्हात गेली.

बऱ्याच वेळानं आतून "कट" ऐकू आलं. नादिरनं कोणी सांगायच्या आधी बाही उतरवली, अंगठ्या काढून मिरनाच्या हातात दिल्या, आणि एवढंच म्हणाला, "हे मला जमलं नसतं."

हातिम बाहेर आला तेव्हा अवातिफ एका उलट्या खोक्यावर बसली होती, ऊद पोटाशी धरून. तो तिच्या शेजारी जमिनीवर बसला.

"अब्ला," तो म्हणाला, "काल त्या एक्स्ट्रांना न मागता तीन-तीनदा दिलंत. आज पोरीनं जीव तोडून मागितलं. मी काही थांबवलं नसतं तुम्हाला. का नाही दिलं?"

अवातिफनं डोळे पुसले. "अरे बाळा, पुन्हा गायले असते तर मला तिथून उठता आलं नसतं," ती म्हणाली. "आणि मी उठले नसते, तर लग्न मोडलं असतं माझ्या लेकीचं."